हिशेब मागणारी सम्राज्ञी

मे महिन्याच्या अखेरीस पॅरिसमध्ये फ्रेंच टेनिस स्पर्धा सुरू झाली, की आपल्याकडे टीव्हीवर लाल मातीची ती कोर्टं दिसू लागतात. त्यातल्या एका कोर्टाचं नाव तुमच्याही नजरेखालून गेलं असेल: सुझान लेंग्लेन कोर्ट. महिला एकेरीची विजेती जो चषक उंचावते, त्यालाही याच बाईंचं नाव आहे. (फ्रेंच माणसं या आडनावाचा उच्चार ‘लाँग्लाँ’ असा काहीसा नाकातून करतात. आपल्याकडे लेंग्लेनच रूढ झालं आहे, तेव्हा आपणही तेच चालवू.) गंमत अशी, की हे कोर्ट ज्या रोलाँ गॅरोस स्टेडियममध्ये आहे, तिथं सुझान अजिंक्यपदाचा एकही सामना खेळलेली नाही. स्टेडियम उभं राहिलं १९२८ साली आणि त्याच्या दोन वर्षं आधीच फ्रेंच टेनिसची दारं तिला बंद झाली होती. गुन्हा एवढाच, की तिनं खेळण्याचे पैसे घेतले. आडपडदा न ठेवता, करार करून, त्यावर सही करून घेतले.

आज पहिल्या फेरीत हरणाऱ्या खेळाडूलाही मानधनाचा धनादेश मिळतो आणि त्यात कुणालाच वावगं वाटत नाही. म्हणूनच मला वाटतं, या बाईची गोष्ट एकदा नीट सांगायला हवी. तिच्या अजिंक्यपदांची यादी कुठंही सापडते. पण त्या यादीची तिनं काय किंमत मोजली, ते मात्र सहसा कुणी सांगत नाही.

सुझानचा जन्म २४ मे १८९९ चा, पॅरिसमधला. वडील शार्ल लेंग्लेन खाऊनपिऊन सुखी गृहस्थ. घराण्याचा प्रवासी गाड्यांचा धंदा होता, तो विकून टाकून ते निवांत झाले होते. थंडीचे महिने हे कुटुंब भूमध्य समुद्राकाठी, नीस शहरात काढायचं. घरासमोरच टेनिस क्लब! धाकटा भाऊ तान्हेपणीच गेलेला, त्यामुळे सुझान एकुलती एक. त्यातून प्रकृती तोळामासा, दम्याचा त्रास. मोकळ्या हवेत चार घटका खेळली तर पोरीच्या छातीला बरं, अशा विचारानं १९१० साली वडिलांनी तिला एक रॅकेट आणून दिली. तेव्हा ती अकरा वर्षांची होती. औषध म्हणून आणलेल्या त्या रॅकेटनं पुढं सारं घरच ताब्यात घेतलं.

शार्ल स्वतः काही मोठे खेळाडू नव्हते. पण त्यांना नजर होती. नीसला येणारे नामांकित पुरुष खेळाडू ते तासन् तास न्याहाळायचे आणि बायकांनी हाच खेळ का खेळू नये, असा प्रश्न त्यांना पडायचा. त्या काळी बायका मागच्या रेषेजवळ उभ्या राहून, लांबलचक झगे सावरत, चेंडू इकडून तिकडे पोचवत असत. शार्लनी मुलीला पुरुषांबरोबर खेळायला उतरवलं, नेटपाशी जायला शिकवलं. आणि अचूकपणासाठी त्यांनी जी युक्ती काढली, ती आता टेनिसच्या इतिहासात जमा झाली आहे. कोर्टाच्या पलीकडच्या अर्ध्या भागात ते खिशातला हातरुमाल अंथरायचे आणि चेंडू त्या रुमालावरच पडला पाहिजे असा हुकूम सोडायचे. जमलं, की रुमाल दुसऱ्या कोपऱ्यात. तिथं जमलं, की तिसऱ्या. असं तासन् तास. सराव मनासारखा झाला नाही तर पोरीच्या पावाला जॅम मिळायचा नाही, असंही सांगतात.

शहरातल्या कुठल्याही जिमखान्यावर संध्याकाळी चक्कर मारली तर जाळीबाहेर उभे असलेले असे शार्ल मला हटकून दिसतात. हातात पाण्याची बाटली, डोळे पोरीच्या पायांवर आणि तोंडानं अखंड सूचना. त्यांना नावं ठेवायचा मला अधिकार नाही. त्या सूचनांशिवाय सुझान घडलीच नसती हेही खरं. पण बाप खूश तर जग खूश, बाप नाराज तर जगबुडी, असं लहानपणीच मनात रुजलं, की माणूस जिंकतानाही सुखानं श्वास घेत नाही. सुझानच्या बाबतीत हे पुढं वारंवार दिसतं.

१९१४ साली फ्रान्सच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात ती मार्गरित ब्रोकेदी या कसलेल्या खेळाडूकडून तीन सेटमध्ये हरली. पण त्यानंतर थोड्याच दिवसांत पॅरिसजवळ साँ-क्लू इथं मातीच्या कोर्टावरची जागतिक स्पर्धा झाली आणि ती सुझाननं जिंकली. नुकतीच पंधरा वर्षांची झालेली मुलगी! ऑगस्टमध्ये महायुद्ध पेटलं. पुढची चार-साडेचार वर्षं स्पर्धा नाहीत, काही नाही. सुझान नीसला सराव करत राहिली.

आणि मग आलं १९१९ चं विम्बल्डन. सुझानच्या सगळ्या सामन्यांत मला हा सामना सर्वांत मोठा वाटतो. पुढं कॅनला झालेल्या सामन्याची गाजावाजा जास्त, पण खेळ म्हणून हा सरस.

त्या वेळी विम्बल्डनमध्ये गतविजेतीला आधीच्या फेऱ्या खेळाव्या लागत नसत. बाकीच्यांनी आपापसांत लढायचं आणि त्यातून वर येईल तिनं गतविजेतीला आव्हान द्यायचं. गतविजेती होती इंग्लंडची डोरोथिया लॅम्बर्ट चेंबर्स. वय चाळीस, दोन मुलांची आई, सात वेळा विम्बल्डन जिंकलेली. युद्धाआधीची, १९१४ ची विजेती तीच. तिच्यासमोर वीस वर्षांची सुझान. हिरवळीच्या कोर्टावर ती यापूर्वी कुठलीही स्पर्धा खेळलेली नव्हती. पंचम जॉर्ज राजे आणि मेरी राणी सामना बघायला आलेले. डोरोथियाबाईंचा झगा घोट्यापर्यंत, बाह्या मनगटापर्यंत. सुझानचा झगा पोटरीपर्यंत, बाह्या कोपराच्या वर, आणि आत कमर आवळणारा कॉर्सेट नाही! दोन पिढ्या समोरासमोर म्हणतात त्या अशा.

पहिला सेट सुझाननं १०-८ असा जेमतेम ओढून नेला. दुसरा चेंबर्सबाईंनी ६-४ असा घेतला. सुझान दमली, चेहरा पांढराफटक पडला. तेव्हा वडिलांनी प्रेक्षकांतून कोन्याकमध्ये भिजवलेले साखरेचे खडे तिच्याकडे भिरकावले. (कोन्याक म्हणजे फ्रेंच ब्रँडी. आपल्याकडे परीक्षेला जाताना दहीसाखर देतात, फ्रेंचांची तऱ्हा निराळी!) तिसऱ्या सेटमध्ये सुझान ४-१ अशी पुढं गेली. आता संपलंच, असं वाटत असताना चाळिशीतल्या बाईंनी एकेक गेम परत मिळवला आणि ६-५, ४०-१५ अशी आघाडी घेतली. म्हणजे सामना जिंकायला एकच गुण हवा आणि त्यासाठी दोन संध्या हातात. पहिल्या संधीच्या वेळी सुझाननं धावत येऊन रॅकेट पुढं केली. चेंडू तारांवर बसलाच नाही, लाकडी कडेला लागला आणि कसाबसा जाळीपलीकडे पडला. दुसऱ्या वेळी मात्र तिनं बॅकहँडचा सणसणीत फटका रेषेलगत मारला. नशीब आणि हिंमत, लागोपाठच्या दोन गुणांत. १०-८, ४-६, ९-७. चव्वेचाळीस गेमचा हा अंतिम सामना महिलांच्या विम्बल्डनमध्ये १९७० पर्यंत सर्वांत लांबलेला सामना म्हणून नोंदला गेला होता.

त्या दिवसापासून सुझान लेंग्लेन नावाचं वादळ सुरू झालं. पॅरिसचा नामवंत वेशकार झाँ पातू तिच्यासाठी कपडे शिवू लागला. गुडघ्याखाली जेमतेम पोचणारा, चुण्यांचा पांढरा रेशमी झगा, बिनबाह्यांचं स्वेटर आणि कपाळावरून घट्ट बांधलेला रंगीत रेशमी पट्टा. काही मंडळींनी नाकं मुरडली. पण थोड्याच काळात युरोपातल्या तरुण मुली तसेच पट्टे बांधून फिरू लागल्या. एक लक्षात घ्या, हा नखरा होता तसाच तो मोकळा श्वासही होता. कॉर्सेटमध्ये बरगड्या आवळलेल्या बाईला उडी कशी मारता येणार? सुझानच्या खेळाच्या जुन्या मूक चित्रफिती मी पाहिल्या आहेत. ती धावतेय असं वाटतच नाही. दोन्ही पाय जमिनीपासून सुटलेले, एक हात मागं पसरलेला आणि चेंडू मात्र जिथं हवा तिथंच. १९२४ साली पॅरिसच्या रंगभूमीवर द्याघिलेवच्या नृत्यमंडळानं ‘ल त्रँ ब्ल’ नावाचा बॅले केला, त्यातली टेनिस खेळणारी नायिका सुझानवरूनच बेतलेली होती.

आता यशाची मोजदाद भरभर उरकतो. विम्बल्डन एकेरीत १९१९ ते १९२३ सलग पाच आणि १९२५ मध्ये सहावं अजिंक्यपद. एलिझाबेथ रायनच्या साथीनं दुहेरीतही सहा. त्यातल्या तीन वर्षी एकेरी, दुहेरी आणि मिश्र दुहेरी अशी तिन्ही विजेतेपदं एकाच वेळी तिच्या घरी गेली. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये दोन सुवर्ण आणि एक कांस्य. एकेरीच्या संपूर्ण स्पर्धेत तिनं अवघे चार गेम गमावले. १९२५ च्या विम्बल्डनमध्ये एकेरीत मिळून पाच! फ्रेंच स्पर्धा परदेशी खेळाडूंना १९२५ मध्ये खुली झाली, ती त्या आणि पुढच्या वर्षी तिनंच जिंकली. विम्बल्डनचं जुनं मैदान युद्धानंतरच्या गर्दीला अपुरं पडू लागलं आणि १९२२ मध्ये सध्याच्या प्रशस्त जागी नवं सेंटर कोर्ट उघडलं, त्या गर्दीतला मोठा वाटा सुझानला बघायला येणाऱ्यांचा होता.

ही गर्दीची बाब मनात ठेवा, पुढं तिचाच हिशेब होणार आहे.

महायुद्धानंतर हौशी खेळाडू म्हणून ती एकेरीत एकदाच हरली, आणि तो पराभवही विचित्र. १९२१ मध्ये युद्धानं उद्ध्वस्त झालेल्या फ्रेंच भागासाठी मदत गोळा करायला ती अमेरिकेला गेली. जहाजानं लांबचा प्रवास, प्रकृती बिघडलेली आणि पोचल्यावर पुरती विश्रांती न मिळताच अमेरिकन स्पर्धेत मोला मॅलरीशी गाठ. मॅलरी मूळची नॉर्वेची, अमेरिकेची विजेती, दणकट फटके मारणारी. पहिला सेट सुझान २-६ अशी हरली. ती सतत खोकत होती. दुसऱ्या सेटच्या आरंभीच ती पंचांपाशी गेली आणि आपण खेळू शकत नाही असं सांगून रडत निघून गेली. प्रेक्षकांनी हुर्यो केली. हरायला लागल्यावर खोकला सुचतो, अशी कुचाळकी अमेरिकेत कितीतरी दिवस चालली. ती खरोखर आजारी होती याबद्दल मला शंका नाही; पण हरणं म्हणजे काय, याचा तिला सरावच नव्हता, हेही तितकंच खरं. त्या सरावासाठी शार्लनी कधी रुमाल अंथरला नव्हता.

पुढच्या वर्षी विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात तीच मॅलरी समोर आली. ६-२, ६-०. अर्ध्या तासाच्या आत खेळ खलास.

१९२६ हे वर्ष सुझानच्या आयुष्यातलं सगळ्यांत झगमगतं आणि सगळ्यांत कडू. अमेरिकेत हेलन विल्स नावाची वीस वर्षांची मुलगी उदयाला आली होती. कॅलिफोर्नियाची, अबोल, चेहऱ्यावर रेषही न हलवता खेळणारी. ती खास सुझानशी दोन हात करायला फ्रान्सच्या किनाऱ्यावर येऊन राहिली. १६ फेब्रुवारीला कॅन शहरात दोघी समोरासमोर आल्या. प्रेक्षकांसाठीच्या लाकडी पायऱ्या ठोकण्याचं काम त्या सकाळीही चालूच होतं. तिकिटं काळ्या बाजारात गेली. ज्यांना आत शिरता आलं नाही ते झाडांवर चढले, शेजारच्या घरांच्या छपरांवर बसले. आत स्वीडनचे राजे गुस्ताव यांच्यासारखे बडे पाहुणे.

पहिला सेट सुझाननं ६-३ घेतला. दुसऱ्यात विल्सनं तिला दमवलं. मधूनमधून ब्रँडीचे घोट घेत सुझान ६-५, ४०-१५ पर्यंत पोचली. विल्सचा एक जोरकस फटका रेषेपाशी पडला, ‘आउट’ अशी आरोळी आली. सुझाननं जाळीपाशी येऊन हस्तांदोलन केलं, लोक कोर्टात घुसले, फुलांचे गुच्छ आले. आणि तेवढ्यात रेषेवरचे पंच लॉर्ड चार्ल्स होप मुख्य पंचांकडे गेले. आरोळी आपली नव्हती, प्रेक्षकांतल्या कुणीतरी ठोकली होती. चेंडू आत पडला होता! कोर्ट रिकामं करून सामना पुन्हा सुरू. मनानं जिंकून झालेला सामना पुन्हा जिंकायचा! तो गेम विल्सनं घेतला, ६-६ झाले. इथं दुसरी कुणी असती तर कोसळली असती. सुझान कोसळली, पण नंतर. आधी तिनं ८-६ असा सेट संपवला आणि मग बाकावर बसून हुंदके देऊन रडली. पुन्हा या दोघींचा एकेरीचा सामना कधीच झाला नाही. त्याच उन्हाळ्यात पॅरिसला विल्सचं आंत्रपुच्छाचं ऑपरेशन झालं आणि ती त्या मोसमातून बाद झाली.

तो सामना हौशी होता. म्हणजे काय, तर तिकिटांचे पैसे आयोजकांना, बातम्यांनी खपलेल्या अंकांचे पैसे वर्तमानपत्रांना, भरलेल्या खोल्यांचं भाडं हॉटेलवाल्यांना. आणि ज्या दोघींमुळे हे सारं घडलं त्यांना चषक आणि टाळ्या. खेळाडूनं खेळण्याचे पैसे घेतले तर तो बाटला, असा तेव्हाचा दंडक. वरून उदात्त दिसणारा हा नियम ज्यांच्या घरी गडगंज होती त्यांनी केलेला होता. पोटासाठी काम करणाऱ्यानं आपल्या पंगतीत बसू नये, हा त्यातला खरा मथितार्थ. नामांकित खेळाडूंना आडमार्गानं प्रवासखर्च, पाहुणचार, भेटी मिळत. सगळ्यांना ठाऊक असे, कुणी बोलत नसे. सुझानलाही त्याचा लाभ झालाच असणार. पण एव्हाना लेंग्लेन घराण्याची पुंजी आटली होती, शार्ल आजारी असायचे आणि मुलगी सत्तावीस वर्षांची झाली होती.

जूनमध्ये विम्बल्डन आलं. स्पर्धेचं पन्नासावं वर्ष. फ्रेंच टेनिस महासंघानं हट्ट धरला, की दुहेरीत अमेरिकन रायनची साथ सोडून फ्रेंच जोडीदारच घ्यायची. सुझाननं दिदी व्लास्तोला बरोबर घेतलं; आणि समोर आल्या एलिझाबेथ रायन आणि मेरी ब्राउन! त्या सामन्याच्याच दिवशी आधी तिचा एकेरीचा सामनाही ठेवला होता. तो आपल्याला कुणी कळवलाच नाही, आणि डॉक्टरकडे जायचं असल्यानं उशीर होईल हा आपला निरोपही पोचवला गेला नाही, असं सुझानचं म्हणणं. ती मैदानावर आली तेव्हा मेरी राणीसाहेब तिच्यासाठी ताटकळून झाल्या होत्या. व्यवस्थापकांनी तिला फैलावर घेतलं. तिचा तोल सुटला, ती कपडे बदलायच्या खोलीत जाऊन रडू लागली आणि त्या दिवशी खेळलीच नाही. राणीचा अपमान झाला, अशी बोंब वर्तमानपत्रांनी ठोकली. दुसऱ्या दिवशी विजयाला एक गुण कमी असताना तिनं आणि व्लास्तोनं दुहेरीचा सामना घालवला. ज्या प्रेक्षकांनी सात वर्षं तिला डोक्यावर घेतलं होतं, त्यांनीच मिश्र दुहेरीच्या वेळी तिची टर उडवली. सुझाननं स्पर्धा अर्ध्यावर सोडली. विम्बल्डनमध्ये ती पुन्हा कधीही खेळली नाही.

उशीर झाला ही तिची चूक होती का, निरोप कुठं अडकला, यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मला त्यापेक्षा एक साधी गोष्ट खटकते. जिच्या नावावर गेली सात वर्षं मैदान भरत होतं, तिच्याशी वेळ ठरवताना कुणी बोललं नव्हतं. ती त्यांच्या लेखी पाहुणीही नव्हती आणि नोकरही नव्हती. पाहुणी असती तर विचारलं असतं, नोकर असती तर पगार दिला असता.

ऑगस्टमध्ये बातमी फुटली. अमेरिकेतले प्रवर्तक सी. सी. पाइल यांनी सुझानला पन्नास हजार डॉलरचा करार दिला होता आणि तिनं तो स्वीकारला होता. हा माणूस मुलखाचा उद्योगी. आदल्याच वर्षी त्यानं रेड ग्रेंज या विद्यापीठातल्या फुटबॉलपटूला व्यावसायिक करून देशभर फिरवलं होतं. पन्नास हजाराची किंमत कळायची असेल तर बेसबॉलचा दैवत बेब रूथ याचा त्या सालचा पगार आठवा: बावन्न हजार डॉलर.

हौशी टेनिसचे रखवालदार खवळले. फ्रेंच महासंघानं तिला आपल्या स्पर्धांतून बाद केलं, विम्बल्डनच्या क्लबनं तिचं मानद सदस्यत्व काढून घेतलं. सुझान गप्प बसली नाही. तिनं केलेला युक्तिवाद एखाद्या वाण्याच्या वहीसारखा चोख होता. इतकी वर्षं आपल्या खेळावर इतरांनी लाखोंनी कमावलं; आपण मात्र प्रवेश फी भरून खेळत राहिलो. बारा-पंधरा वर्षं रोज घाम गाळून जे शिकलो, त्याला काम का म्हणायचं नाही? आणि काम असेल तर मोबदला मागण्यात लाज कसली? शिवाय ज्याच्याकडे आधीच पैसा आहे त्यालाच हौशी राहणं परवडतं, तर मग गरिबाच्या पोरानं टेनिस खेळायचं तरी कसं? या शेवटच्या प्रश्नाला तेव्हा कुणीही धड उत्तर दिलं नाही.

९ ऑक्टोबर १९२६ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये सुमारे तेरा हजार प्रेक्षकांसमोर पहिला सामना झाला. प्रतिस्पर्धी कोण, तर तीच मेरी ब्राउन! वय पस्तीस, एके काळची तीन वेळची अमेरिकन विजेती. पुरुषांमध्ये व्हिन्सेंट रिचर्ड्स, हॉवर्ड किन्सी, हार्वे स्नॉडग्रास आणि फ्रान्सचा पॉल फेरे. सर्कशीसारखा हा तांडा रेल्वेनं गावोगाव फिरला. अमेरिका, कॅनडा, क्यूबा. आज या शहरात, उद्या त्या. ब्राउनविरुद्धचे सगळे, म्हणजे अडतीस सामने सुझाननं जिंकले. खरं सांगायचं तर इथं खेळ म्हणून फारशी चुरस नव्हती.  पण नाजूक, लहरी, रडवी म्हणून जिला हिणवलं ती बाई चार महिने गावोगाव कोर्टावर उतरत राहिली. १९२७ च्या फेब्रुवारीत दौरा संपला. पाइलनं नफा मोजला आणि टेनिसमधून अंग काढून घेतलं. त्या उन्हाळ्यात चार्ल्स कॉक्रन यांच्या आयोजनाखाली इंग्लंडमध्ये आणखी थोडे सामने झाले, आणि मग... मग काहीच नाही. खेळायला कुणी उरलंच नव्हतं. जगातल्या बाकी सगळ्या चांगल्या खेळाडू हौशी स्पर्धांच्या कुंपणाच्या आत होत्या आणि सुझान एकटी बाहेर. तिच्या पावलावर पाऊल टाकून लगेच दहाजणी आल्या असत्या तर गोष्ट वेगळी झाली असती. त्या आल्या नाहीत.

एक बाई मात्र वर्षभरातच वेगळ्या वाटेनं व्यावसायिक झाली: डोरोथिया लॅम्बर्ट चेंबर्स. १९२८ साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, तिनं पैसे घेऊन टेनिस शिकवायला सुरुवात केली. १९१९ च्या त्या दोघी अशा पुन्हा एकाच बाजूला आल्या, याची नोंद फारशी कुणी घेत नाही.

१९२९ मध्ये शार्ल गेले. सुझाननं पुस्तकं लिहिली, खेळाच्या कपड्यांच्या व्यवसायात काम केलं, एका इंग्रजी चित्रपटात छोटी भूमिकाही केली. पण तिचं मन रमलं ते शिकवण्यात. पॅरिसमध्ये तिनं मुलांसाठी टेनिसची शाळा काढली. आणि ज्या फ्रेंच महासंघानं तिला बाहेर काढलं होतं, त्यालाच १९३६ मध्ये या शाळेला पाठबळ द्यावं लागलं. ज्या रोलाँ गॅरोसमध्ये तिला कधी स्पर्धा खेळता आली नाही, तिथं येणारी पुढची पिढी तयार करायला आता तीच हवी होती.

या काळात जगभर मुली टेनिस खेळू लागल्या होत्या. आपल्याकडच्या लीला राव यांनी १९३४ मध्ये विम्बल्डनमध्ये एकेरीचा सामना जिंकला. असा विजय मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. त्यांच्या आई म्हणजे संस्कृत कवयित्री पंडिता क्षमाबाई राव, पुण्यात जन्मलेल्या, आणि स्वतःही उत्तम टेनिस खेळणाऱ्या. पैशाचा प्रश्न मात्र होता तिथंच राहिला. व्यावसायिकांना विम्बल्डनची दारं उघडायला १९६८ साल उजाडावं लागलं. त्या वर्षी पुरुष विजेत्याला दोन हजार पौंड मिळाले, महिला विजेत्या बिली जीन किंगला साडेसातशे. दोघांना सारखीच रक्कम द्यायला विम्बल्डननं २००७ पर्यंत वेळ घेतला. सुझाननं १९२६ मध्ये मांडलेला हिशेब चुकता व्हायला ऐंशी वर्षं लागली म्हणायची.

तिला त्यातलं काही बघायला मिळालं नाही. १९३८ च्या जूनमध्ये ती आजारी पडली. रक्त झपाट्यानं कमी होत गेलं. निदान झालं ते दुर्धर रक्तक्षयाचं. २ जुलैला, शनिवारी, लंडनमध्ये हेलन विल्सनं विम्बल्डन एकेरीचं आठवं आणि शेवटचं अजिंक्यपद जिंकलं. त्यानंतर दोन दिवसांनी, ४ जुलैला, पॅरिसमध्ये सुझान गेली. सँतुआँच्या दफनभूमीत तिला पुरलं. वय एकोणचाळीस. डोरोथिया चेंबर्सनं चाळिशीत तिला जसं झुंजवलं होतं, ते चाळिसावं वर्ष तिच्या वाट्याला आलंच नाही.